निवृत्तीनंतर परदेशात स्कूबा डायव्हिंग : पाण्यात काही झाले तर खर्च कोणता विमा देणार?

उथळपाणी यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ६७ असून माझे पती ७१ वर्षांचे आहेत. निवृत्तीच्या सुमारास आम्ही दोघे स्कूबा डायव्हिंग शिकलो आणि आता वर्षातून दोनदा, दर वेळी पाच-सहा आठवड्यांसाठी, त्याकरिता परदेशी जातो. दोघांकडेही ३० मीटरपर्यंत जाण्याचे प्रमाणपत्र आहे, पण आम्ही २० मीटरच्या खाली क्वचितच उतरतो. मला कोणताही मोठा आजार नाही. पतींना रक्तदाबाचा त्रास आहे. तो औषधाने आटोक्यात आहे, मात्र गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांच्या गोळीची मात्रा थोडी वाढवली.

नोकरीत असेपर्यंत विमा ही कार्यालयाची जबाबदारी होती, त्यामुळे पॉलिसीचा कागद वाचण्याची वेळच आली नाही. तो सामूहिक विमा निवृत्तीबरोबर संपला. आता आमच्याजवळ तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे स्वतःचा आरोग्यविमा, दुसरी म्हणजे वर्षभरातील अनेक प्रवासांसाठी एकत्र घेतलेला आणि साहसी खेळांचे वाढीव कलम जोडलेला प्रवासविमा, आणि तिसरी म्हणजे डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेचे सदस्यत्व. मागच्या आठवड्यात हे तीनही कागद शेजारी ठेवून वाचले, तेव्हा प्रत्येक कागद दुसऱ्याकडे बोट दाखवतो आहे असे वाटले. आरोग्यविमा म्हणतो की परदेशातील उपचार प्रवासविम्याने पाहावेत. प्रवासविमा म्हणतो की पूर्वीपासूनच्या आजारामुळे उद्भवलेली स्थिती आमच्याकडे येत नाही. संस्थेच्या पत्रकात 'आपत्कालीन साहाय्य' असा शब्द आहे, पण रुग्णालयाचे बिल कोण भरणार याचा उल्लेख नाही.

म्हणून माझा प्रश्न असा की या तिन्हींत आणखी काही जोडण्याची गरज आहे का, आणि पतींच्या बाबतीत पाण्यात काही घडले तर ते आजारपण मानले जाईल की अपघात? विक्रेत्याला विचारले तेव्हा त्याने 'सगळे येते' असे सांगितले. त्या उत्तराने माझी काळजी उलट वाढली.

दावाविभाग यांचे उत्तर

मी अनेक वर्षे दावे तपासण्याचे काम केले आहे, म्हणून आधी एक स्पष्टपणे सांगतो. 'सगळे येते' हे वाक्य विक्रीच्या टेबलावर उच्चारले जाते, तर दाव्याचा निर्णय पॉलिसीतील व्याख्यांच्या पानावर होतो, आणि ही दोन टेबले एकमेकांशी बोलत नाहीत. आपण तीनही कागद शेजारी ठेवून वाचलेत, हे बहुतेक लोक रुग्णालयात दाखल झाल्यावर करतात.

आपल्या आरोग्यविम्याचे थोडक्यात सांगतो. निवृत्तांसाठीच्या बहुतेक योजना देशाच्या सीमेवर थांबतात. अमेरिकेतील मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची सरकारी योजनासुद्धा काही मोजके अपवाद वगळता देशाबाहेरील उपचारांचा खर्च देत नाही. युरोपीय आरोग्यविमा कार्ड सदस्य देशांतील सरकारी सेवेत आवश्यक उपचार मिळवून देते, पण शोध-बचाव आणि रुग्णाला मायदेशी परत आणणे यांचा खर्च त्यात बसत नाही. आपल्या पॉलिसीत 'भौगोलिक व्याप्ती' या शीर्षकाखाली काय लिहिले आहे ते पाहावे, आणि तेथे परदेशाचा उल्लेख नसेल तर ती पॉलिसी या चर्चेपुरती बाजूला ठेवावी. ती रद्द मात्र करू नये, कारण परत आल्यावरचे पुढचे उपचार तीच पाहणार आहे.

आता प्रवासविमा. यात आपल्याला अडवू शकतील अशा जागा बऱ्याच आहेत. वार्षिक पॉलिसी असली तरी प्रत्येक प्रवासाच्या दिवसांवर कमाल मर्यादा असते आणि ती पुष्कळदा ३० किंवा ४५ दिवसांची असते. आपला सहा आठवड्यांचा प्रवास म्हणजे ४२ दिवस. मर्यादा ३० दिवसांची असेल, तर अखेरचे बारा दिवस आपण विम्याविना पाण्यात उतरत असाल आणि हप्ता भरल्याचे समाधान मात्र कायम असेल. वयाचे टप्पेही असेच असतात. वय पॉलिसी घेतल्याच्या दिवशीचे मोजतात की प्रवास सुरू होण्याच्या दिवशीचे, हे विचारून घ्यावे.

साहसी खेळांच्या कलमात 'स्कूबा डायव्हिंग' हा शब्द दिसला म्हणून निर्धास्त राहू नये. त्याच्या पुढे येणाऱ्या अटींवर सारे अवलंबून असते. खोलीची मर्यादा बहुधा दिलेली असते. कुठे ती ३० मीटर असते, कुठे ४०, आणि कुठे 'प्रमाणपत्राने दिलेल्या मर्यादेपर्यंत' असे शब्द असतात. या शेवटच्या शब्दरचनेत, ज्याचे प्रमाणपत्र १८ मीटरचे आहे तो वाटाड्याच्या मागे २४ मीटरवर गेला तर त्याचा दावा अडचणीत येतो. खोलीचा पुरावा शोधायला कोणाला फार कष्ट पडत नाहीत, कारण मनगटावरचे डाइव्ह कॉम्प्युटर प्रत्येक क्षणाची खोली नोंदवत असते. एकट्याने केलेले डायव्हिंग, गुहेतील किंवा बुडालेल्या जहाजाच्या आतले डायव्हिंग आणि वर येताना ठरावीक खोलीवर थांबणे बंधनकारक ठरते असे डायव्हिंग अनेक पॉलिसी वगळतात.

पूर्वीपासूनच्या आजाराबद्दल आपण गोळीच्या मात्रेचा उल्लेख केलात ते फार बरे झाले. बऱ्याच प्रवासविम्यांत 'स्थिर आजार' अशी संकल्पना असते. प्रवासापूर्वीच्या ठरावीक काळात, म्हणजे साठ, नव्वद किंवा एकशेऐंशी अशा दिवसांत, त्या आजारासाठी औषध बदललेले नसावे, मात्रा बदललेली नसावी आणि नवी तपासणी सुचवलेली नसावी, तरच तो आजार स्थिर धरला जातो. मात्रा वाढवली की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. तब्येतीच्या दृष्टीने मात्रेतला तो बदल चांगलाच असेल, पण विम्याच्या भाषेत आपल्या पतींचा रक्तदाब गेल्या महिन्यापासून अस्थिर आहे. काही कंपन्या ही अट माफ करतात, परंतु त्यासाठी प्रवासाची पहिली रक्कम भरल्यापासून साधारण दोन ते तीन आठवड्यांच्या आत विमा घेतलेला असावा लागतो. पुढच्या प्रवासाचे पैसे अजून भरले नसतील, तर ही संधी आपल्या हातात आहे.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सोपे नाही. समजा, पाण्याखाली १५ मीटरवर एखाद्याला हृदयविकाराचा झटका आला. डायव्हिंगच्या विम्यात 'डायव्हिंग अपघात' याची व्याख्या दाबातील बदलामुळे झालेली इजा अशी संकुचित असेल, तर ती कंपनी म्हणेल की हा आजार आहे आणि तो पाण्यात झाला हा योगायोग आहे. प्रवासविमा कंपनी म्हणेल की रक्तदाब आधीपासून होता, म्हणून ही वगळलेली बाब आहे. दोघांचेही म्हणणे आपापल्या कागदानुसार बरोबर असू शकते. ज्येष्ठ डायव्हरच्या बाबतीत मला सर्वांत मोठी पोकळी हीच वाटते, आणि ती भरायची तर प्रवासविम्यात रक्तदाब लेखी जाहीर करून, वाढीव हप्ता लागला तरी भरून, तो समाविष्ट करून घ्यावा लागतो. डायव्हिंगचा वेगळा विमा कितीही मोठ्या रकमेचा घेतला तरी ही पोकळी त्याने भरत नाही.

लाटेवर यांचे उत्तर

वरील विवेचन मान्य आहे. सदस्यत्व आणि विमा यांतील फरक आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे, म्हणून त्याविषयी लिहितो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, ज्याला सगळे डॅन म्हणतात, ही संस्था १९८० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सुरू झाली, आणि अपघाताच्या वेळी डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला फोनवर मिळावा हा तिचा मूळ हेतू होता. आज तिच्या प्रादेशिक संस्था वेगवेगळ्या खंडांत आहेत आणि प्रत्येकीचे नियम वेगळे आहेत. पण मूळ मुद्दा सगळीकडे एकच आहे. सदस्यत्वामुळे सल्ला आणि मदत मिळते, तर उपचारांचा खर्च देणारा विमा बहुधा वेगळ्या पातळीवर निवडावा लागतो. मी स्वतः तीन वर्षे सदस्यत्वाचे कार्ड पाकिटात ठेवून स्वतःला विमाधारक समजत होतो.

माझा अनुभव असा. एका दूरच्या बेटावर, दिवसातल्या तिसऱ्या डायव्हिंगनंतर दोन तासांनी माझा डावा खांदा दुखू लागला. वय ६४ होते, टाक्या उचलल्या होत्या, म्हणून स्नायू ताणला असेल असे मानून मी गोळी घेतली आणि झोपलो. सकाळी बोटांना मुंग्या आल्या होत्या. हा डीकम्प्रेशन आजार होता, म्हणजे खोलीवर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे वर येताना बुडबुडे होणे. तेव्हा शुद्ध ऑक्सिजन देऊन मला दुसऱ्या बेटावरील दाबकक्षात, म्हणजे वाढीव दाबाखाली उपचार करण्याच्या बंद कक्षात, नेण्यात आले. तेथे वातावरणाच्या २.८ पट दाबाखाली, म्हणजे १८ मीटर खोलीवर जितका दाब असतो तितक्या दाबाखाली, पावणेपाच तासांचा उपचार झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याहून लहान सत्र झाले. मी पूर्ण बरा झालो.

बरे होण्याला दोन दिवस लागले, दाव्याला सात महिने. मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन करण्याआधी हॉटेलच्या सांगण्यावरून वेगवान बोट ठरवली होती, आणि पॉलिसीत स्पष्ट लिहिले होते की मदत केंद्राने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या वाहतुकीचाच खर्च मिळेल. तो खर्च मला मिळाला नाही. दुसरा आक्षेप असा होता की रात्री त्रास जाणवूनही मी सकाळपर्यंत थांबलो. तो पुढे मागे घेतला गेला, पण त्यासाठी मला डाइव्ह कॉम्प्युटरमधील नोंदी, बोटीवरील नोंदवही, डायव्हिंग केंद्राचे पत्र आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सविस्तर अहवाल पाठवावा लागला. कॉम्प्युटरची स्मृती मर्यादित असते आणि जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढतात, हे लक्षात ठेवून त्या ताबडतोब उतरवून घ्याव्यात.

दाबकक्ष आहे म्हणजे तो मिळेलच, असेही गृहीत धरू नये. अनेक रुग्णालयांतील कक्ष न भरणाऱ्या जखमांसारख्या नियोजित उपचारांसाठी कार्यालयीन वेळेतच चालतात आणि आणीबाणीतील डायव्हरला घेत नाहीत. जो कक्ष घेतो तो पुष्कळदा आधी रकमेची हमी मागतो. म्हणून विमा कंपनी रुग्णालयाला थेट हमीपत्र देते की आधी आपण भरून नंतर परतावा मागायचा, हा प्रश्न मी विम्याच्या रकमेच्याही आधी विचारतो. निवृत्तांच्या हाती एकरकमी पैसा परदेशात मध्यरात्री असतोच असे नाही.

उथळपाणी

दोघांचेही मनापासून आभार. प्रवासविम्याचा कागद पुन्हा पाहिला. प्रत्येक प्रवासाची मर्यादा ३१ दिवसांची निघाली, म्हणजे गेल्या दोन्ही प्रवासांत शेवटचे दहा-अकरा दिवस आम्ही उघड्यावर होतो. हे वाचून पती काही वेळ बोललेच नाहीत.

त्यांचा एक प्रश्न आहे. डायव्हिंग केंद्रावर आरोग्याची प्रश्नावली भरताना बरेच लोक सगळीकडे 'नाही' लिहितात, कारण एकदा 'होय' लिहिले की डॉक्टरांचे पत्र मागितले जाते आणि तो दिवस वाया जातो. त्या कागदाचा विम्याशी संबंध असतो का?

दाबकक्ष यांचे उत्तर

मी डायव्हिंग वैद्यकाशी संबंधित डॉक्टर आहे. येथे व्यक्तिगत वैद्यकीय सल्ला देत नाही, परंतु या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. संबंध असतो. दावा मोठा असेल तर कंपनी केंद्रातून ती प्रश्नावली मागवते आणि आपल्या डॉक्टरांच्या नोंदींशी ताडून पाहते. एका कागदावर रक्तदाब नाही आणि दुसऱ्यावर त्याच्या गोळ्या आहेत, हे दिसल्यावर महत्त्वाची माहिती लपवल्याचा मुद्दा उभा राहतो. मग मूळ अपघाताचा रक्तदाबाशी काही संबंध नव्हता हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो.

२०२० मध्ये सुधारून आलेल्या आणि बहुतेक प्रशिक्षण संस्थांनी स्वीकारलेल्या प्रश्नावलीत ४५ वर्षांवरील व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे. त्यात धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि जवळच्या नातेवाइकांतील हृदयविकार यांविषयी विचारले जाते. 'होय' असे उत्तर आले म्हणजे डायव्हिंगला बंदी, असा त्याचा अर्थ नाही. डॉक्टरांनी तपासून सही करावी एवढेच अपेक्षित आहे. तेव्हा घरून निघण्यापूर्वीच तपासणी करून सहीचा कागद सोबत न्यावा. दिवसही वाया जात नाही, आणि डायव्हिंगसाठी योग्य असल्याचा दिनांकित वैद्यकीय पुरावा आपल्या हाती राहतो.

दावाविभाग यांनी हृदयविकाराच्या झटक्याचे उदाहरण दिले. मी त्यात दुसरे जोडतो, कारण ज्येष्ठ डायव्हरमध्ये ते दुर्लक्षिले जाते. पाण्यात उतरल्यावर पायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हृदय व फुप्फुसांवरील भार वाढतो. काही व्यक्तींमध्ये, विशेषतः वय जास्त आणि रक्तदाब असलेल्यांमध्ये, यामुळे फुप्फुसांत द्रव झिरपतो. धाप लागते, खोकला येतो, कधी फेसाळ किंवा रक्ताची छटा असलेला कफ पडतो. खोली अवघी पाच मीटर असली तरी हे होऊ शकते, किंबहुना पृष्ठभागावर पोहतानाही होते. हा नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आजार नाही, आणि केवळ यासाठी दाबकक्षाची गरज नसते. उपचार म्हणजे पाण्याबाहेर काढणे, ऑक्सिजन आणि रुग्णालय. आता ज्या पॉलिसीत फक्त 'डीकम्प्रेशन आजार आणि दाबामुळे झालेली इजा' असे लिहिले आहे, तिच्यात हे कुठे बसवणार? पाण्यामुळेच झालेली ही स्थिती त्या व्याख्येबाहेर राहते. मला अशी पॉलिसी अधिक बरी वाटते जिच्यात 'डायव्हिंग करताना किंवा त्यानंतर उद्भवलेली कोणतीही तातडीची वैद्यकीय स्थिती' असे व्यापक शब्द आहेत.

उलट बाजूही सांगतो. डायव्हरना होणारी सर्वांत सामान्य इजा बुडबुड्यांची नसून कानाची असते. कान नीट मोकळा न करता खाली गेल्यास पडद्याला इजा होते, आणि मग पुढील डायव्हिंग बंद व काही वेळा विमानप्रवासही लांबणीवर, असे होते. बदललेल्या तिकिटांचा आणि वाढीव मुक्कामाचा खर्च कोण देणार, हे विचारण्याचे लोक विसरतात, कारण सगळ्यांचे लक्ष दाबकक्षाकडे असते.

दावाविभाग

डॉक्टरांनी विमानाचा विषय काढला म्हणून एक पुरवणी. विमानातील हवेचा दाब सुमारे २४०० मीटर उंचीवरील दाबाइतका कमी होऊ दिला जातो, आणि त्यामुळे शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून डॅनची सर्वसाधारण शिफारस अशी आहे की एकाच साध्या डायव्हिंगनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवस किंवा दिवसात अनेक वेळा डायव्हिंग केल्यावर किमान १८ तास विमानप्रवास करू नये. काही पॉलिसी या अंतराचे पालन ही अट म्हणून लिहितात. परतीचे विमान सकाळचे असेल, तर शेवटचे डायव्हिंग आदल्या दिवशी दुपारी करणे हे शरीराच्या आणि दाव्याच्याही दृष्टीने चुकीचे आहे.

रुग्णाला हलवण्याच्या कलमाचेही असेच आहे. त्यात 'जवळच्या योग्य रुग्णालयापर्यंत' असे असेल, तर घरी परत आणण्याचा खर्च त्यात येत नाही. बुडबुड्यांचा आजार झालेल्या रुग्णाला हलवायचे झाल्यास केबिनमध्ये समुद्रसपाटीइतका दाब राखणारी हवाई रुग्णवाहिका लागू शकते, आणि असे उड्डाण साध्या आसनाच्या कित्येक पट महाग असते. तेव्हा उपचार आणि वाहतूक यांच्या रकमा वेगवेगळ्या आहेत की एकाच मर्यादेत, हे तपासावे. एकाच मर्यादेत असतील तर एक उड्डाण सगळी रक्कम संपवू शकते.

लाटेवर

डॉक्टरांशी एका बाबतीत थोडा मतभेद नोंदवतो. व्यापक शब्दांची पॉलिसी चांगली हे खरे, पण ज्या कंपनीच्या मदत केंद्रात डायव्हिंग जाणणारा कोणी नाही, तिच्याशी रात्री दोन वाजता बोलणे ही वेगळीच शिक्षा आहे. मला पहिला प्रश्न 'आपण कोणत्या उंचीवरून पडलात' असा विचारण्यात आला होता. व्याख्या थोडी अरुंद असली तरी मी डायव्हिंगचा वेगळा विमा सोडणार नाही. फक्त तो एकटा ठेवणार नाही.

उथळपाणी

आपणा सर्वांच्या उत्तरांवरून आम्ही प्रवासविमा कंपनीला लेखी चार प्रश्न पाठवले होते. त्यांची उत्तरे आज आली, म्हणून येथे नोंदवते. प्रवासाची मर्यादा वाढीव हप्ता भरून ६० दिवसांपर्यंत नेता येते. खोलीची अट प्रमाणपत्रानुसार आहे. रक्तदाब जाहीर करून समाविष्ट होऊ शकतो, परंतु मात्रा बदलल्यापासून ९० दिवस झाल्यानंतरच, म्हणून आम्ही पुढचा प्रवास दोन महिने पुढे ढकलला आहे. पाण्याखाली हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास झाल्यास तो अपघात धरणार की आजार, या चौथ्या प्रश्नाला मात्र 'प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणवत्तेवर तपासले जाईल' एवढेच उत्तर आहे.

दावाविभाग

ते उत्तर म्हणजे उत्तर टाळणे आहे. मी स्वतः तशी पत्रे लिहिली आहेत. प्रश्न बदलून पुन्हा पाठवा. अपघात की आजार हे त्यांना विचारूच नका. असे लिहा की, 'जाहीर करून आपण स्वीकारलेल्या रक्तदाबाच्या संदर्भात, प्रमाणपत्राच्या मर्यादेत डायव्हिंग करताना तातडीची हृदयाची किंवा फुप्फुसाची स्थिती उद्भवल्यास, आपल्या पॉलिसीतील कोणत्या क्रमांकाच्या कलमानुसार उपचारांचा खर्च नाकारला जाऊ शकतो?' कलमाचा क्रमांक मागितला की पत्र विक्री विभागाकडून पॉलिसी लिहिणाऱ्यांकडे जाते. उत्तर ईमेलने आले तर त्याची छापील प्रत सोबत न्या, आणि एक प्रत घरी अशा व्यक्तीकडे ठेवा जी आपल्या वतीने कंपनीशी बोलू शकेल.